धुवारी की उतरलेलं आभाळ?

हिवाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याला सकाळी निघालं की वाटेत कुठंतरी पांढरं आडवं येतं. कधी अगदी खाली, सापन नदीच्या आसपास, संत्र्याच्या बागांमधून. कधी पायथ्याला सगळं स्वच्छ असतं आणि मोथ्याच्या पठारावर पोचलं की समोरचा रस्ता गायब. काचेतून दोन्ही सारखंच दिसतं, अंगाला दोन्ही ओलं लागतं, आणि बाहेरगावचे पाहुणे दोन्हीला धुकंच म्हणतात. आमच्या भागातली शेतकरी माणसं मात्र दोन शब्द वेगळे ठेवतात. खाली शेतात बसते ती धुवारी, काही गावांत धुई. वर डोंगरावर येतं ते आभाळ. "आभाय उतरलं," असं म्हणतात.

हा फरक बरीच वर्षं मला नुसता बोलीतला वाटायचा. एका डिसेंबरात बहिणीला आणायला चिखलदऱ्याला निघालो होतो. धामणगाव गढी सोडली, घाट चढलो, तोवर सगळं दिसत होतं. मोथ्याच्या अलीकडं पांढरं लागलं. एका टपरीपाशी गाडी लावली, चहा घेतला. साडेआठ वाजले होते. अचलपूरकडची धुवारी नऊ-साडेनऊला उठते, इथली दहाला उठेल, असा माझा हिशेब. दहा वाजले, मग अकरा. दूध घालून परत आलेल्या एका गवळीकाकांनी विचारलं, "काऊन थांबले भाऊ?"

धुवारी उठली की निघतो, असं मी सांगितलं. त्यांनी दाराबाहेर बोट केलं. बाहेर वाळलेल्या गवताची पाती सगळी एकाच बाजूला लवलेली होती आणि पांढरं आपल्यासमोरून सरकत चाललं होतं.

"वारा पाहा ना. वाऱ्यात कुठं धुवारी बसते का? आभाय होय हे. आज दिवसभर नाई उठत."

ते उठलं नाहीच. दुपारी तीनला बहिणीला घेऊन त्याच पांढऱ्यातून मी खाली निघालो. पठाराची कड संपली, घाटाची दोन-तीन वळणं झाली आणि एकदम खालची शेतं, तळी, गावांची छपरं सगळं दिसायला लागलं. डोक्यावर राखाडी छत तसंच होतं. आपण ढगाच्या तळातून बाहेर पडलो, हे तेव्हा डोळ्यांना कळलं.

काकांच्या त्या प्रश्नात निम्मं हवामानशास्त्र आहे. धुवारीला मोकळं आकाश आणि पडलेला वारा लागतो. उतरलेल्या आभाळाला वारा लागतो आणि तो वारा अडवायला डोंगर. म्हणजे दिसायला जुळी, पण जन्म एकमेकांच्या उलट. म्हणून त्यांचं वागणंही उलट आणि पुढच्या दोन दिवसांबद्दल ती सांगतात तेही उलट.

धुवारीचं आधी बघू. डिसेंबरअखेरीला आपल्याकडं रात्र तेरा तासांची असते. आकाशात ढग नसेल तर जमिनीनं दिवसभर घेतलेली ऊब रात्रभर वर निघून जात राहते, तिला परतवायला वर काही नसतं. जमीन थंड होते, तिला टेकलेली हवा थंड होते, आणि एका ठरावीक तापमानाला त्या हवेला आपली ओल पेलवत नाही. त्यालाच दवबिंदू म्हणतात. आधी पानांवर दव पडतं, मग हवेतच थेंब धरतात. एकेक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणून तो खाली पडत नाही, तरंगतो. वारा अगदीच मेलेला असेल तर नुसतंच दव पडून थांबतं. पान हलेल न हलेल एवढी झुळूक असली तर गारवा थोडा वर पसरतो आणि धुवारी धरते. त्याहून जोराचा वारा आला की वरची कोरडी, उबदार हवा खाली मिसळते आणि सगळं मोडतं.

ओल कुठून येते म्हणाल, तर हिवाळ्यात ती आपणच देतो. गव्हाला पाणी, हरभऱ्याला पाणी, बागेला पाणी. त्यात नदी आणि तलाव. म्हणून मोकळ्या पडीक माळावर नसलेली धुवारी ओलिताच्या पट्ट्यात नेमकी बसलेली दिसते.

थंड हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उताराकडं वाहते. नाल्यात, नदीच्या पात्रात, दरीच्या तळाशी जाऊन साचते. सेमाडोहला सिपनेच्या खोऱ्यात अशा सकाळी जो गारठा असतो तो कित्येकदा वरच्या पठारापेक्षा बोचरा असतो. थंड हवेचं ठिकाण वर आहे म्हणून स्वेटर घालून निघालेली माणसं चढताना काच खाली करायला लागतात, कारण अशा दिवशी चढावं तशी हवा उबदार होत जाते. धुवारीचा थर काही मीटरपासून शंभर-दोनशे मीटरपर्यंत असतो. परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे 370 मीटरवर, चिखलदरा 1,118 मीटरवर. घाट अर्धा चढायच्या आत आपण तिच्या डोक्यावर निघतो. वरून पाहिलं तर खालचं सगळं रान पिंजलेल्या कापसाखाली गेलेलं, आणि त्यातून एखाद्या टेकडीचं टोक वर.

आता आभाळाकडं. इथं हवा थंड जमिनीमुळं गार होत नाही, ती वर चढते म्हणून गार होते. मैदानावरून आलेला ओलसर वारा गाविलगडाच्या डोंगररांगेला धडकला की त्याला वर चढण्यावाचून वाट नसते. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते, आणि फुगताना थंड होते: दर शंभर मीटरला जवळजवळ 1 अंश. यातून एक सोपा हिशेब निघतो, तो मला फार कामाचा वाटतो. खालच्या हवेचं तापमान आणि तिचा दवबिंदू यांच्यात जितक्या अंशांचा फरक, त्याला 125 नं गुणायचं (वर जाताना दवबिंदूही थोडा उतरतो, म्हणून 100 नाही). तितके मीटर वर ढगाचा तळ. समजा परतवाड्याला 20 अंश आहे आणि दवबिंदू 15. फरक 5, म्हणजे 625 मीटर. त्यात परतवाड्याची उंची मिळवा, साधारण 1,000 मीटर झाले. चिखलदऱ्याचं पठार त्याच्या वर आहे. म्हणजे खाली अचलपूरची माणसं "आज ढगाळ आहे" एवढंच म्हणणार आणि चिखलदऱ्याची माणसं त्या ढगाच्या पोटात बसलेली असणार. फरक 8 अंशांचा असेल तर तळ 1,370 मीटरच्या आसपास जातो. तेव्हा चिखलदऱ्यालाही नुसतं छत दिसतं, पांढरं अंगावर येत नाही. मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमान आणि दवबिंदू दोन्ही आकडे मिळतात. निघायच्या आधी हे गणित दहा सेकंदांत होतं. अंदाजच तो, पण मला अनेकदा जुळलेला दिसला आहे.

पांढऱ्यात शिरल्यावर ओळखायचं कसं? काकांनी सांगितलेला वारा ही पहिली खूण. दुसरी मान वर करून. धुवारी पातळ असते. पहाटे तिच्यात उभं राहून सरळ वर पाहिलं तर बऱ्याचदा चांदण्या दिसतात, उजाडल्यावर निळसर झाक दिसते आणि सूर्य चांदीच्या ताटलीसारखा, डोळे न दिपवता बघता येतो. आभाळात वर, खाली, बाजूला सगळीकडं एकच राखाडी, आणि सूर्य कुठं आहे याचा पत्ता नसतो.

तिसरी खूण मला सगळ्यांत आवडते ती चुलीच्या धुराची. धुवारीच्या सकाळी गावात शिरताना पाहा. छपरातून निघालेला धूर घराच्या उंचीएवढा सरळ वर जातो आणि तिथं कशाला तरी डोकं लागावं तसा थांबतो. मग आडवा पसरतो. दहा घरांचे दहा धूर एकमेकांत मिसळून गावावर एक सपाट निळी पट्टी होते, अगदी पातळी धरून. वर उबदार हवेचं झाकण आहे, त्याखाली थंड हवा कोंडलेली आहे, हे त्या पट्टीवरून डोळ्यांना दिसतं. आभाळ उतरलेल्या गावात ती पट्टी कधीच दिसणार नाही. तिथं धूर छपरापासूनच फाटतो आणि वाऱ्याच्या बाजूला पळतो. आणि झाडं गळत असतात. पाऊस नसतो, पण सरकत्या ढगातले थेंब पानांवर अडून मोठे होतात आणि सागाच्या पानांवरून खालच्या पाचोळ्यावर टपटप आवाज चालू राहतो.

दुपारी पॉइंटवरून दरीत जी धुरकट झाक दिसते ती या दोन्हींतली नाही. ती धूळ आणि धूर, कोरडी. तिला यात धरायला नको.

गोंधळ खरा होतो तो नऊ-दहाच्या सुमारास, कारण त्या वेळी एकाचं दुसरं होतं. सूर्य उगवला की धुवारी लगेच जाते असं समजू नका. उगवल्यावर पहिला काही वेळ ती उलट दाट होऊ शकते, कारण कोवळ्या उन्हानं हवा हलायला लागते आणि दवाची ओलही वर येते. मग जमीन तापते, धुवारी तळाकडून विरते आणि उरलेली वर उचलली जाते. "धुवारी उठली" हा शब्द किती नेमका आहे! उठलेली धुवारी म्हणजे खालच्या उंचीवरचा ढगच, आणि तो डोंगराच्या मध्यावर पट्ट्यासारखा टेकतो. अशा वेळी घाट चढणाऱ्याला खाली स्वच्छ, मध्ये पांढरं, वर पुन्हा स्वच्छ असं लागतं. मधल्या पट्ट्यात अडकलात तर घाबरायचं कारण नाही. वारा नसेल आणि पांढऱ्यात उजेड असेल तर ते थोड्याच वेळात विरणार.

गाडी चालवणाऱ्याला हा फरक यासाठी हवा की थांबायचं की निघायचं ते त्यावर ठरतं. धुवारीत थांबणं शहाणपणाचं, कारण तिला वेळ असते. तासाभराचा प्रश्न असतो. पूल, नाला, तलावाची पाळ, खोलगट वळण इथं ती अचानक भिंतीसारखी समोर येते, मागचा किलोमीटर कितीही मोकळा असो. 60 च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. 50 मीटर दिसत असेल तर समोरच्या बैलगाडीपर्यंत तीन सेकंद. आभाळाला मात्र वेळ नसते. त्यात थांबून दिवस घालवण्यापेक्षा उजेड आहे तोवर हळू, खालचा दिवा लावून, कडेची पांढरी रेघ धरून उतरलेलं बरं. अंधार पडल्यावर तोच रस्ता फार अवघड होतो, त्यात मेळघाटच्या रस्त्यावर गवा उभा असू शकतो. दिवा वरचा कधीच नको. थेंबांवरून उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो.

पण हा फरक नुसता रस्त्यापुरता नाही. मला तो शेतासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. माझी आजी हरभऱ्याची आंब धरायची. संध्याकाळी धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्याच्या पिकावर पसरायचं, पहाटे दवानं भिजलेलं ते फडकं वाटीत पिळायचं. हरभऱ्याच्या पानांवरचं आम्ल दवात उतरतं, म्हणून ते पाणी झोंबणारं आंबट लागतं. पोटदुखीवर चमचाभर द्यायची. ती आधी अंगणात येऊन वर बघायची. चांदणं खुलं असेल तरच फडकं काढायची. आभाळ असलं की म्हणायची, "आज आंब नाई मियत." ढगाची रात्र ऊब धरून ठेवते, पानं पुरेशी गार होत नाहीत, दव पडत नाही. फडकं सकाळी कोरडंच.

तुरीला दोन्ही नको असतात, पण त्रास वेगळा. फुलावर असताना धुवारी दाट बसली की फूल गळतं, हा आमच्याकडच्या शेतकऱ्यांचा दर हिवाळ्याचा अनुभव. आभाळ दोन-चार दिवस राहिलं की शेंगा पोखरणाऱ्या अळीची धास्ती, हरभऱ्यावरही तीच. कापसाच्या वेचणीला दव सुकेपर्यंत थांबावं लागतं, आभाळाच्या दिवशी ती लवकर सुरू होते, पण पावसाची भीती डोक्यावर. आणि संत्रा. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात, जमिनीप्रमाणे महिना ते दोन महिने. त्या काळात धुवारीनं ताण मोडत नाही, दोन-तीन चांगल्या सरी आल्या तर मोडतो. म्हणून बागाईतदार डोंगराकडं बघत असतो.

डोंगराकडं बघण्यात अर्थ आहे, कारण आपल्या हिवाळ्यात ही दोन्ही बहुतेक ठरल्या क्रमानं येतात. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात, म्हणजे ढग-पाऊस आणणारे हवेचे पट्टे, इराण-अफगाणिस्तानवरून उत्तर भारतावर येतात. तसा एखादा पुढं सरकत असताना मध्य भारतात वारा फिरतो, उत्तरेचा कोरडा वारा थांबतो, पूर्व-आग्नेयेकडून बंगालच्या उपसागराची ओल विदर्भात शिरते. रात्री उबदार होतात, चिखलदऱ्यावर आभाळ टेकतं. कधी पाऊस होतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीटही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कुणी विसरलेलं नाही. झंझावात निघून गेला की आकाश उघडतं, पण जमीन ओली असते आणि वारा अजून उठलेला नसतो. ती एक-दोन सकाळ धुवारीची. मग उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, धुवारी संपते आणि कडाका सुरू होतो. अशाच कोरड्या, निरभ्र कडाक्यात 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता.

त्या दिवशी चिखलदऱ्याहून बहिणीला घेऊन घरी आलो, तेव्हा वडील बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. वरचं काय म्हणते, एवढंच त्यांनी विचारलं. आभाळ टेकलंय, वारा आहे, म्हणून सांगितलं. त्यांनी तुरीवरच्या फवारणीचं पुढं ढकललं आणि वेचलेला कापूस अंगणातून घरात घ्यायला लावला. रात्री थोडे थेंब आले. तिसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून त्यांनी बाहेर नेलं. बांधापलीकडचं झाड दिसत नव्हतं, शेजारच्या घराचा धूर छपरापाशीच आडवा झाला होता, आणि वर, अगदी डोक्यावर, चांदण्या होत्या.

"आता दोन दिवसांत थंडी पडते," ते म्हणाले, आणि फवारणीचा पंप धुवायला काढला.