रस्ता सांगणे: वाटसरूला वाट समजावण्याच्या जगभरातल्या पद्धती

रस्ता सांगणे म्हणजे अनोळखी माणूस जिथे उभा आहे तिथून त्याला जायचंय तिथपर्यंत कसं पोचायचं ते तोंडाने, हाताने किंवा कागदावर दोन रेघा ओढून समजावणे. काम दोन मिनिटांचं आहे आणि जगात सगळीकडे चालतं, पण पद्धत ठिकाणागणिक इतकी बदलते की एका शहरात अगदी चोख समजलं जाणारं उत्तर दुसरीकडच्या माणसाला काहीच कामाचं नसतं. सांगणाऱ्याला कुठलीतरी एक गोष्ट पक्की धरून चालावं लागतं. कोणी ऐकणाऱ्याचं शरीरच पक्कं धरतं, म्हणजे डावीकडे उजवीकडे, कोणी सूर्य, कोणी डोंगराचा उतार, कोणी रस्त्यांची नावं, आणि काही ठिकाणी तर अशी इमारत धरतात जी पडून पन्नास वर्षं झालीत. वाटसरू चुकतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण सांगणाऱ्याने जे गृहीत धरलंय ते त्याच्या गावीही नसतं.

संवादाची घडण

या विषयाचा नीट अभ्यास सुरू झाला १९७० च्या दशकात. वोल्फगांग क्लाइन या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने फ्रँकफर्टमध्ये लोकांना रस्त्यात थांबवून गोएथेचं घर किंवा जुनं ऑपेरा हाऊस कुठे आहे असं विचारलं आणि उत्तरं टेप केली. त्याच सुमाराला डीटर वुंडरलिश यांनीही असलीच संभाषणं तपासली आणि त्यांचे चार टप्पे मांडले: आधी विचारणं, मग वर्णन, मग खातरजमा, मग निरोप. यातला तिसरा टप्पा खरा मजेशीर, कारण "कळलं ना?" "हो हो" असं होतं तेव्हा ऐकणाऱ्याला बऱ्याचदा अर्धंच कळलेलं असतं, तरी तो मान हलवतो.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ मिशेल डेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम व्हेनिसमध्ये केलं (१९९९). व्हेनिस निवडलं ते उगाच नाही. तिथे गल्ल्या वळत जातात, मध्येच कालवा आडवा येतो, आणि घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नसून अख्ख्या विभागाला सलग दिलेले असल्यामुळे ते हजारांत जातात, त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून घर शोधणं बाहेरच्याला जवळजवळ अशक्यच. तिथल्या रहिवाशांनी सांगितलेल्या वर्णनांतून संशोधकांनी फक्त गरजेपुरता सांगाडा काढला, म्हणजे कुठल्या खुणेपाशी काय करायचं एवढंच ठेवलं, आणि शहर माहीत नसलेल्या लोकांना ते देऊन चालायला लावलं. सांगाड्यावर चालणारे चांगल्या सविस्तर वर्णनावर चालणाऱ्यांइतकेच नीट पोचले, चुका जास्त झाल्या त्या वाईट वर्णनांवर. म्हणजे जास्त बोलल्याने फायदा होतोच असं नाही, आणि जिथे वळायचंय तिथली खूण नेमकी नसेल तर बाकी कितीही सांगा.

डावं-उजवं न वापरणारे

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला कुकटाऊनजवळ गूगू यिमिथिर ही भाषा बोलली जाते. कॅप्टन कुक १७७० मध्ये तिथे जहाज दुरुस्तीसाठी अडकला होता आणि कांगारू हा शब्द जगाला याच लोकांकडून मिळाला. पण भाषाशास्त्रज्ञ तिथे जातात ते कांगारूसाठी नाही. जॉन हॅविलँड आणि स्टीफन लेविन्सन यांनी दाखवून दिलं की जागा सांगताना हे लोक डावं-उजवं, पुढं-मागं वापरत नाहीत, सगळं पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण. घरातली वस्तूसुद्धा "थोडी उत्तरेला सरकव" अशीच. यासाठी माणसाला दिवसरात्र, घरात, जंगलात, गाडीत बसल्यावरही दिशांचं भान ठेवावं लागतं, आणि ते लोक ते ठेवतात.

हे गाव ज्या केप यॉर्क द्वीपकल्पावर आहे तिथेच पोर्मपुराव या वस्तीत कूक थायोर भाषा आहे. तिथे भेटल्यावर "कुठे निघालास?" असं विचारायची पद्धत आहे आणि उत्तर दिशेसकट द्यायचं असतं, म्हणजे ज्याला दिशा कळत नाही त्याची गाडी नमस्काराच्या पुढेच जाणार नाही. लेरा बोरोडित्स्की आणि अॅलिस गॅबी यांनी तिथल्या लोकांना काही चित्रं काळाच्या क्रमाने मांडायला दिली, उदाहरणार्थ एकाच माणसाचं वय वाढत जाणं, तर त्यांनी ती पूर्वेकडून पश्चिमेकडे मांडली, मग स्वतः कुठेही तोंड करून बसलेले असोत.

अशा गोष्टी वाचल्या की लगेच "आदिवासींना निसर्गदत्त होकायंत्र असतं" वगैरे लिहायचा मोह लोकांना होतो. तो टाळलेला बरा. एरिक पेडरसन यांनी तमिळ बोलणाऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा खेड्यातले लोक दिशांनी बोलताना आढळले आणि शहरातले डावं-उजवं वापरताना, आणि भाषा मात्र एकच. बीजिंगचंही तसंच, तिथले जुने रस्ते दिशांना धरून सरळ आखलेले, त्यामुळे तिथला माणूस सहज "उत्तरेला जा, मग पूर्वेला" म्हणतो आणि दक्षिण चीनमधून आलेला पाहुणा वैतागतो. रक्तात काही नसतं, रोजच्या सवयीत आणि गावाच्या आखणीत असतं.

डोंगर, समुद्र, उतार

मेक्सिकोच्या चियापास प्रांतात तेनेहापा भागातले त्सेल्ताल लोक "चढाकडे" आणि "उताराकडे" असं सांगतात. तिथली जमीन ढोबळमानाने दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरते, त्यामुळे सपाट टेबलावर ठेवलेल्या दोन बाटल्यांतली उत्तरेकडची बाटली ही "उताराकडची" ठरते.

बालीमध्ये मुख्य दिशा दोन, काजा म्हणजे डोंगराकडे आणि केलोद म्हणजे समुद्राकडे. डोंगर बेटाच्या मधल्या भागात असल्यामुळे दक्षिण बालीत काजा उत्तरेला येते आणि बेट ओलांडून सिंगाराजाच्या बाजूला गेलात की तीच काजा दक्षिणेला. नकाशा घेऊन फिरणारा पर्यटक यात हमखास गोंधळतो, पण तिथल्या माणसाला काहीच अडचण नाही, डोंगर दिसतोच आहे की समोर.

हवाईमध्ये हीच जोडी माउका (डोंगराकडे) आणि माकाई (समुद्राकडे) अशी आहे आणि हे शब्द हवाईयन न बोलणारेही वापरतात, रस्त्यावरच्या ट्रॅफिकच्या बातम्यांतसुद्धा. होनोलुलूत आडव्या दिशांसाठी ठिकाणांची नावं घेतात, पूर्वेला डायमंड हेड हा जुना ज्वालामुखी आणि पश्चिमेला इवा. आता डायमंड हेडच्याही पलीकडे राहणाऱ्याने काय म्हणायचं? तर तिकडे गेल्यावर पूर्वेसाठी पुढचा कोको हेड धरतात.

मोठ्या शहरांचंही यापेक्षा वेगळं नसतं. मॅनहॅटनमध्ये अपटाऊन म्हणजे उत्तर असं सगळे म्हणतात, पण १८११ च्या आराखड्याने आखलेली तिथली रस्त्यांची जाळी खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंशांनी पूर्वेकडे कललेली आहे. मॉन्ट्रियलची "उत्तर" तर त्याहून वाकडी, बरीचशी पश्चिमेकडे झुकलेली, कारण तिथे रस्ते नदीला धरून आखले आणि नावं नंतर दिली. सॉल्ट लेक सिटीत मात्र मधल्या टेंपल स्क्वेअरपासून अंतर मोजून रस्त्यांना आकडेच दिलेत, तिथे पत्ता कळला की रस्ता विचारायची गरजच उरत नाही.

नसलेल्या खुणा

आता निकाराग्वा. हा या सगळ्या विषयातला सर्वात भन्नाट प्रकार आहे. राजधानी मानाग्वामध्ये २३ डिसेंबर १९७२ ला भूकंप झाला, हजारो माणसं गेली आणि शहराचा मधला भाग जमीनदोस्त झाला, त्यातला बराचसा नंतर पुन्हा उभाच राहिला नाही. पत्ता सांगायची पद्धत तिथे अशी की एक ओळखीची खूण घ्यायची आणि तिथून चौक मोजायचे: "तळ्याकडे" म्हणजे उत्तर, "वर" म्हणजे सूर्य उगवतो ती पूर्व, "खाली" म्हणजे पश्चिम, आणि दक्षिणेला मात्र सरळ दक्षिणच. चौकापेक्षा कमी अंतर असेल तर वारा या जुन्या स्पॅनिश मापात, जे मीटरपेक्षा थोडं लहान आहे. इथपर्यंत ठीक, पण खुणा भूकंपात गेल्या तरी पत्ते तेच राहिले, म्हणून पत्ताच "जिथे अमुक थिएटर होतं तिथून दोन चौक तळ्याकडे, एक वर" असा सुरू होतो. हा पत्ता पाकिटावर लिहितात, टॅक्सीवाल्याला सांगतात आणि पत्र पोचतंही. भूकंपानंतर जन्मलेला टॅक्सीवालासुद्धा त्या थिएटरची जागा बरोबर ओळखतो, कारण त्याच्यासाठी ती इमारत नाही, नुसतं त्या कोपऱ्याचं नाव आहे.

शेजारच्या कोस्टा रिकातही तेच. सान होसेजवळ सान पेद्रोमध्ये वड-उंबराच्या कुळातलं एक मोठं झाड होतं, ते कधीचं गेलं, पण "जुन्या इगेरोनपासून" असे पत्ते चालूच आहेत. शहरातला एक भाग कोका-कोलाच्या जुन्या कारखान्यामुळे अजूनही कोका-कोला म्हणूनच ओळखला जातो. तिथे "१०० मीटर" म्हणजे एक चौक, मग तो चौक टेप लावून मोजला तर कितीही भरो, आणि "५० मीटर" म्हणजे अर्धा. नगरपालिकेने २०१२ पासून सान होसेत रस्त्यांच्या नावांच्या पाट्या लावल्या खऱ्या, पण पाट्या लावणं वेगळं आणि लोकांनी त्या बोलण्यात घेणं वेगळं.

रस्त्यांना नाव नसेल तर

जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावच नसतं, नाव आणि नंबर असतो तो ब्लॉकला. रस्ता म्हणजे दोन ब्लॉकमधली मोकळी जागा. जुन्या पद्धतीत घरांचे नंबर जमिनीच्या नोंदीच्या क्रमाने पडत असल्यामुळे शेजारच्या घराचा नंबर भलताच असू शकतो, १९६२ च्या कायद्यानंतर बऱ्याच शहरांत ते ओळीने लावले गेले. त्यामुळे पत्ता हातात असूनही माणूस हरवतो आणि मग कोपऱ्यावरच्या कोबान या छोट्या पोलीस चौकीत जातो, जिथे भिंतीवर परिसराचा नकाशा असतो आणि रस्ता सांगणं हे पोलिसांचं रोजचंच काम असतं. क्योटो याला अपवाद. ७९४ मध्ये राजधानी म्हणून चौकटीत वसवलेलं शहर, तिथे दोन रस्त्यांचा चौक सांगून पुढे "वर" (राजवाडा होता ती उत्तर) किंवा "खाली" जोडतात, आणि हे शब्द पत्त्यातही लिहितात.

दक्षिण कोरियात १ जानेवारी २०१४ पासून रस्त्याच्या नावावर आधारलेले पत्ते अधिकृत झाले. सोलमध्ये रस्ता सांगताना मात्र मेट्रो स्टेशन आणि त्याच्या दरवाज्याचा नंबर हीच खरी सुरुवात.

हात, ओठ, नाक

बोट दाखवणं सगळीकडे सारखं नाही. घानामध्ये डाव्या हाताने काही दाखवणं असभ्य समजतात, आणि सोतारो किता व जेम्स एसेग्बे यांनी (२००१) पाहिलं की तिथले लोक रस्ता सांगताना डावा हात पाठीमागे धरतात आणि डावीकडचं वळण उजवा हात अंगावरून आडवा नेऊन दाखवतात. बघायला अवघड वाटतं, पण ऐकणाऱ्याचा मान राखलेला असतो. जावामध्ये बोटाऐवजी अंगठा, बाकी बोटं मिटून. लाओसमध्ये ओठ पुढे काढून दिशा दाखवतात, पापुआ न्यू गिनीच्या युप्नो लोकांत नाक आक्रसून त्या बाजूला तोंड करतात. परक्याला यात आपल्याला रस्ता सांगितला गेलाय हेच लक्षात येत नाही, तो उत्तराची वाट बघत उभा.

अंतर

"किती लांब?" हा प्रश्न त्याहून घोळाचा. अमेरिकेत गाडीने किती तास ते सांगतात. स्वीडन आणि नॉर्वेत "एक मील" म्हणजे १० किलोमीटर, तेव्हा तिथल्या माणसाने "दोनच मील" म्हटलं म्हणून पायी निघू नये. फिनलंडमध्ये जुन्या काळी रेनडिअर लघवीला न थांबता जेवढं जाईल तेवढं अंतर हेही एक माप होतं, साधारण साडेसात किलोमीटर धरतात.

माहीत नसताना सांगणे

पीटर कॉलेट आणि ग्रेगरी ओ'शे यांनी १९७६ मध्ये एक खोडकर प्रयोग छापला. त्यांनी इराण आणि इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या लोकांना अस्तित्वातच नसलेल्या ठिकाणाचा रस्ता विचारला. इराणमध्ये काही जणांनी व्यवस्थित रस्ता सांगितला, इंग्लंडमध्ये त्या नसलेल्या ठिकाणाकडे कोणी पाठवलं नाही. याला खोटेपणा म्हणणं मला चुकीचं वाटतं. जिथे पाहुण्याला "माहीत नाही" म्हणून रिकामं परत पाठवणं हाच उद्धटपणा असतो तिथे माणूस काहीतरी देतो, आणि रस्ता चुकला तरी पुढे दुसरा कोणीतरी भेटेलच हा हिशोब त्यामागे असतो. हे फक्त इराणचंही नाही, बऱ्याच देशांत फिरणारे हाच अनुभव सांगतात. म्हणून मुरलेले प्रवासी "स्टेशन इकडेच ना?" असं विचारत नाहीत, त्याला "हो" येणं फार सोपं असतं. "स्टेशन कुठल्या बाजूला?" असं विचारायचं, आणि थोडं पुढे जाऊन दुसऱ्याला पुन्हा विचारायचं.

जीपीएस आल्यावर

अमेरिकेने २ मे २००० ला नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि त्यानंतर गाडीत, मग फोनमध्ये रस्ता सांगणारा आवाज आला. हा आवाज सुरुवातीला मीटर आणि रस्त्यांच्या नावांतच बोलायचा, जे नावांच्या पाट्या नसलेल्या ठिकाणी निरर्थक होतं, म्हणून गूगलने २००९ मध्ये भारतासाठीच्या मार्गदर्शनात ठळक खुणा घातल्या. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना मात्र आजही चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते, ही पद्धत १८६५ पासूनची.

मंगोलियाच्या टपाल खात्याने २०१६ मध्ये वेगळाच मार्ग घेतला. भटक्या लोकवस्तीला पत्ता द्यायचा कसा, तर जगाचे ३ मीटर बाय ३ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला तीन शब्दांचं नाव देणारी व्हॉट थ्री वर्ड्स ही यंत्रणा त्यांनी स्वीकारली. त्यातून तंबू नेमका कुठे आहे ते कळतं, पण कुठली नदी कुठे ओलांडायची आणि पावसानंतर कुठली वाट बंद असते ते त्या तीन शब्दांत येत नाही, ते वाटेत भेटेल त्यालाच विचारावं लागतं.