दोन बाटल्या रक्त कुठे गेलं?

आत्याचे गुडघे बदलले तेव्हा घरात पहिला प्रश्न होता रक्त कोण देणार, मला आणि चुलतभावाला सकाळीच ब्लड बँकेत पिटाळलं होतं. परवा शेजारच्या काकूंचं तेच ऑपरेशन झालं तर रक्ताचं कुणी नावच काढलं नाही. मधल्या काळात काय बदललं ते शोधायला गेलो आणि पोचलो थेट युद्धानंतरच्या जपानमध्ये.

तिथे उताको आणि शोसुके ओकामोतो हे डॉक्टर नवराबायको रक्तावर संशोधन करत होते. रक्तच का, तर पैसे नव्हते आणि स्वतःचं रक्त फुकट मिळतं! पाळणाघर नाही म्हणून उताकोबाई मुलीला पाठीवर बांधून लॅबमध्ये काम करायच्या. 1962 मध्ये त्यांनी ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड जगापुढे आणलं. हे औषध रक्ताची गुठळी बनवत नाही बरं का, बनलेली गुठळी शरीर लगेच विरघळवायला लागतं ते थांबवतं.

गंमत म्हणजे त्याच 1962 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली. म्हणजे सांधा बदलायचं ऑपरेशन आणि औषध एकाच वर्षाचे, पण दोघांची गाठ पडायला तीसेक वर्षं गेली.

तोवर काय चालायचं? गुडघ्यासाठी मांडीला हवेचा पट्टा, टुर्निके, बीपीच्या पट्ट्यासारखाच, तो हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने 1904 मध्येच आणला होता. त्याने ऑपरेशन चालू असताना रक्त येत नाही, पण पट्टा सोडला की खरी गळती सुरू, कारण गुठळ्या विरघळवणारी यंत्रणा नेमकी तेव्हाच जोरात असते. आत्याच्या कॉटला लटकलेली ती ड्रेनची, म्हणजे जखमेतलं रक्त नळीने जमा होणारी लाल बाटली मला अजून आठवते, दर तासाला कुणीतरी वाकून रेघ बघायचं. एड्सच्या भीतीने 80 च्या दशकात पेशंटचंच रक्त आधी काढून साठवायची पद्धत आली, पण त्यात माणूस ऑपरेशनला आधीच अशक्त होऊन जायचा आणि कितीतरी पिशव्या न वापरता फेकल्या जायच्या.

मग 90 च्या दशकात स्वीडन, फिनलंडच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या पेशंटना ट्रॅनेक्झामिक देऊन पाहिलं आणि रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आला. तरी बाकीचे ऑर्थोपेडिकवाले बिचकतच होते, पायात गुठळी होऊन फुफ्फुसात गेली तर? भीती अगदीच खोटी नव्हती, पण पुढच्या अभ्यासांत तसा धोका वाढलेला दिसला नाही. आधी गुठळी झालेल्या पेशंटबाबत डॉक्टर आजही विचार करूनच ठरवतात.

काकूंच्या फाइलमधलं ट्रॅनेक्झामिकचं नाव आत्याला वाचून दाखवलं तर म्हणाली, अरे ही तर पाळीत जास्त अंगावर जायचं तेव्हाची माझी गोळी. उताकोबाईंनाही हे औषध मुळात बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठीच हवं होतं. त्याचा मोठा अभ्यास, 20,000 बायकांचा, 2017 मध्ये छापून आला. उताकोबाई 2016 मध्येच गेल्या, 98 वर्षांच्या होऊन.