‘बॉम्बे डक’ आणि डाकगाडीची दंतकथा

सुक्या बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ का म्हणतात? वसईपासून उरणपर्यंत कुणालाही विचारा, ठरलेलं उत्तर येतं: डाकगाडीतून बोंबील जायचे, डब्यांना वास लागायचा, म्हणून साहेब त्यांना ‘बॉम्बे डाक’ म्हणू लागला. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. ‘बॉम्बे डक’ हे नाव मात्र १८१५ सालीच छापलेलं सापडतं. त्याआधी, १८०३ मध्ये, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनने मुंबईच्या फौजेतल्या गोऱ्यांना ‘डक्स’ म्हटलंय. ती थट्टा या मासळीवरूनच आली, असं जुने कोशकार मानतात. रूळच नव्हते, तर डाकगाडी कुठली?

आणि ‘बोंबील’ हे नाव मुंबईवरून पडलं, हेही पटत नाही. सतराव्या शतकातला प्रवासी फ्रायर ‘बंबेलो’ असं लिहितो. म्हणजे त्याच्या कानावर कोळ्यांचाच शब्द पडला होता.

बाकी वासाचं म्हणाल, तर तो खराच. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूच्या मांडवावर टाकतात. अंगात बहुतेक पाणीच. उन्हात ते आटलं की वास गावभर जातो. त्याला गाडी लागत नाही.