दुसरा आलेला चालक काय कमावतो? फॉर्म्युला वनच्या गुणपद्धतीची पार्श्वभूमी

३० ऑक्टोबर १९८८ रोजी जपानमधल्या सुझुकाला एक फ्रेंच चालक दुसरा आला. गिअरबॉक्स नीट साथ देत नव्हता, मध्येच पाऊस भुरभुरत होता, तरी ५१ फेऱ्या पूर्ण करून त्याने गाडी शेवटपर्यंत आणली. शर्यतीला उतरताना त्याच्या खात्यावर ८४ गुण होते. दुसऱ्या क्रमांकाचे सहा गुण त्याला मिळाले आणि शर्यत संपल्यावरही खात्यावर ८४ च राहिले, कारण त्या वर्षी प्रत्येकाचे सर्वोत्तम अकराच निकाल धरले जात आणि त्याचे अकराही आधीच पहिल्या-दुसऱ्या क्रमांकांनी भरले होते. विश्वविजेतेपद त्याच्याच संघातल्या ब्राझिलियन सहकाऱ्याकडे गेलं.

हे न हललेले ८४ मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतात. हंगाम कसा काढायचा, कुठे जीव पणाला लावायचा आणि कुठे आहे ती जागा सांभाळून घरी यायचं, हे चालकाच्या स्वभावावर ठरतं असं आपण म्हणतो. पण दुसऱ्या क्रमांकाला त्या वर्षी काय भाव आहे आणि वाईट गेलेला दिवस हिशेबात धरला जातो की नाही, या दोन गोष्टी त्याच्या स्वभावाआधीच बरंच काही ठरवून टाकतात.

अजिंक्यपद सुरू झालं १९५० मध्ये, सात शर्यतींनी. त्यातली एक अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची, जिथे युरोपातले चालक सहसा जातच नसत. गाड्या वारंवार बंद पडत आणि सगळ्या शर्यतींना जाणं सगळ्यांना परवडत नसे. म्हणून सातपैकी सर्वोत्तम चारच निकाल धरायचे असं ठरलं. त्या काळी एकच गाडी दोघांनी आळीपाळीने चालवली तर गुण वाटून मिळत. १९५६ मध्ये मोंझाला एका तरुण इंग्रज चालकाने, स्वतःलाही विजेतेपदाची आशा असताना, आपली गाडी संघातल्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या हाती दिली. विजेतेपद त्या ज्येष्ठाला मिळालं. सर्वांत वेगवान फेरीलाही एक गुण होता. १९५४ मध्ये सिल्व्हरस्टोनला वेळ पूर्ण सेकंदांतच मोजत होते, त्यामुळे सात जणांची वेळ सारखी निघाली आणि प्रत्येकाला एक सप्तमांश गुण मिळाला. गाडी वाटून घेण्याचे गुण १९५८ पासून बंद झाले, वेगवान फेरीचा गुण १९५९ नंतर गेला. ‘सर्वोत्तम इतकेच धरा’ हा नियम मात्र चार दशकं टिकला.

त्याचे चटके अधूनमधून बसत राहिले. १९६४ मध्ये एका इंग्रज चालकाने हंगामात ४१ गुण मिळवले, त्यातले ३९ धरले गेले आणि दुसरा इंग्रज ४० गुणांवर विजेता ठरला. १९६७ पासून १९८० पर्यंत हंगामाचे दोन भाग करून प्रत्येक भागातले ठरावीक निकाल धरत. १९७९ मध्ये पहिल्या सात शर्यतींतले चार आणि नंतरच्या आठांतले चार. त्या वर्षी एका ऑस्ट्रेलियन चालकाने उत्तरार्धात चार शर्यती जिंकल्या. उत्तरार्धाच्या चारही जागा विजयांनी भरल्या, म्हणजे तिथे आणखी कमवायला जागाच उरली नाही. पूर्वार्धात त्याच्याकडे एक तिसरा क्रमांक होता, बस. चार विजय मिळवून तो हंगामात तिसरा राहिला. विजेत्याचे विजय तीन होते.

वाईट दिवस माफ करायलाही मर्यादा होतीच. १९७६ मध्ये नुरबर्गरिंगला भाजलेला ऑस्ट्रियन चालक दोन शर्यती हुकवून सहा आठवड्यांत मोंझाला परतला. त्या वर्षी दुसऱ्या आठ शर्यतींपैकी सात धरायच्या होत्या, म्हणजे माफ होणार होता एकच दिवस. त्याचे हुकलेले दिवसच दोन होते, शिवाय नुरबर्गरिंगची शर्यत शून्यात गेली ती वेगळीच. फुजीच्या मुसळधार पावसात त्याने शेवटची शर्यतही स्वतःहून सोडली आणि ६९ विरुद्ध ६८ असा एका गुणाने तो मागे राहिला. परतला तेव्हा डोक्याच्या जखमा भरलेल्याही नव्हत्या. या खेळात याहून मोठं धैर्य मला माहीत नाही, आणि गुणतक्त्यात त्याची नोंद ६८ एवढीच आहे.

१९८१ मध्ये नियम सुटसुटीत झाला. हंगाम सलग धरायचा आणि सर्वोत्तम अकरा निकाल मोजायचे. विजयाला ९, दुसऱ्याला ६, मग ४, ३, २, १. १९८८ चा हंगाम याच नियमाखाली झाला आणि त्याच्याविषयीचा वाद आजही संपलेला नाही.

त्या वर्षी १६ शर्यतींपैकी १५ एकाच संघाने जिंकल्या. ब्राझिलियन चालकाने आठ, फ्रेंच चालकाने सात. फ्रेंच चालकाने १४ शर्यती पूर्ण केल्या आणि प्रत्येक वेळी तो पहिला किंवा दुसरा आला: सात विजयांचे ६३, सात दुसऱ्या क्रमांकांचे ४२, एकूण १०५. ब्राझिलियन चालकाचे एकूण ९४. पण धरलेले गुण अनुक्रमे ८७ आणि ९०. जुन्या तक्त्यांत हे ‘८७ (१०५)’ आणि ‘९० (९४)’ असं छापलेलं असतं. सगळा घोळ त्या कंसाने केला आहे. ‘गुण मिळवले’ आणि ‘गुण धरले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बोलताना दोन्हींना नुसतं ‘गुण’ म्हणतो. मग एक जण म्हणतो, जास्त गुण मिळवणारा हरला. दुसरा म्हणतो, कमी गुण असलेला कधीच जिंकला नाही. दोघंही खरं बोलत असतात.

कंस बाजूला ठेवून नेमकं काय वगळलं गेलं ते बघू. सोळातून अकरा धरायचे, म्हणजे दोघांच्याही पाच-पाच शर्यती गेल्या. ब्राझिलियन चालकाच्या गेलेल्या पाच अशा: घरच्या शर्यतीत तो बाद ठरवला गेला, मोनाकोत मोठी आघाडी असताना कठड्यावर आदळला, मोंझाला शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना मागे पडलेल्या एका गाडीला धडकला, एस्टोरिलला सहावा आला आणि हेरेझला चौथा. वर्षातले त्याचे पाचही वाईट दिवस पुसले गेले. फ्रेंच चालकाचे वाईट दिवस दोनच होते. ओल्या सिल्व्हरस्टोनवर त्याने स्वतःच गाडी आत आणली होती आणि मोंझाला इंजिनाने दगा दिला होता. मग उरलेल्या तीन जागा भरायला त्याचे तीन दुसरे क्रमांक गेले. एकाच्या चुका माफ झाल्या, तर दुसऱ्याचं सातत्य वजा झालं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की नियम पहिल्या शर्यतीपासून दोघांना माहीत होता आणि तो जास्त जिंकणाऱ्याच्या बाजूचा होता. ते खोटं नाही. सुझुकाची सुरुवात आठवा. पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, निघताना ब्राझिलियन चालकाची गाडी बंद पडली. त्याने हात वर केला आणि मागच्या गाड्या दोन्ही बाजूंनी सुटू लागल्या. पण तिथली सरळ पट्टी उताराची आहे. गाडी हळूहळू घरंगळली आणि धक्का मारून चालू करतात तसं इंजिन पुन्हा पेटलं. तो चौदाव्या जागेपर्यंत घसरला होता. पहिल्या फेरीच्या अखेरीस आठवा आणि शर्यत अर्ध्यावर सरली तेव्हा सर्वांच्या पुढे. जिंकण्याशिवाय दुसरं काहीच मोलाचं नाही हे ठाऊक असलेला माणूस अशी गाडी चालवतो. त्या विजेतेपदाला मी कमी लेखणार नाही. पण ज्या नियमाखाली अडलेल्या गिअरबॉक्सनिशी ५१ फेऱ्या काढून दुसऱ्या आलेल्या माणसाच्या हाती भोपळा येतो, तो नियम त्या माणसावर अन्याय करणारा होता, आणि हे एवढ्या वर्षांनीही स्पष्ट म्हणायला हवं. पुढची, ॲडलेडची शेवटची शर्यत फ्रेंच चालकाने जिंकली. तेव्हा सगळं ठरून गेलं होतं.

१९९१ मध्ये नियम गेला. प्रत्येक शर्यत धरली जाऊ लागली, आणि त्याच वेळी विजयाचे गुण नऊवरून दहा झाले. दुसऱ्याला सहाच राहिले. म्हणजे सातत्याला न्याय मिळाला आणि त्याच दमात त्याचा भाव थोडा उतरवलाही गेला. या दुसऱ्या भागाची चर्चा फारशी होत नाही. १९९० पर्यंत दुसरा क्रमांक विजयाच्या दोन-तृतीयांश किमतीचा होता, आता तो साठ टक्क्यांवर आला.

२००२ मध्ये १७ पैकी ११ शर्यतींतच, जुलै महिन्यात, विजेतेपद ठरून गेलं. उरलेले महिने चुरस राहावी म्हणून २००३ पासून दुसऱ्याला दहाच्या समोर आठ गुण मिळू लागले. परिणाम लगेच दिसला. त्या वर्षीच्या विजेत्याने सहा शर्यती जिंकल्या होत्या आणि फिनलंडच्या चालकाने फक्त एक, तरी अंतर राहिलं ९३ विरुद्ध ९१. २००८ मध्ये सहा विजय मिळवणारा चालक पाच विजय मिळवणाऱ्यापुढे एका गुणाने हरला. मग मार्च २००९ मध्ये नियामक संस्थेने जाहीर केलं की ज्याचे विजय जास्त तोच विजेता. संघांनी हरकत घेतली आणि हंगाम सुरू होण्याआधीच निर्णय मागे घेतला गेला. २०१० पासून विजयाला २५ आणि दुसऱ्याला १८, म्हणजे बहात्तर टक्के. २०१४ मध्ये शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण देऊन पाहिले, ते एका वर्षात बंद झालं. बरं झालं.

या बदललेल्या भावाचा खरा अर्थ २०१६ मध्ये दिसला. जर्मन चालकाचे नऊ विजय, त्याच संघातल्या इंग्रज सहकाऱ्याचे दहा. शेवटच्या चारही शर्यती इंग्रज चालकाने जिंकल्या आणि चारही वेळा जर्मन चालक दुसरा आला. अबू धाबीला त्याला तिसरा क्रमांकही पुरणार होता. पुढे असलेल्या सहकाऱ्याने मुद्दाम वेग कमी ठेवला, मागच्या गाड्यांनी याला गाठावं म्हणून. संघाने रेडिओवर वेग वाढवायला सांगितलं तरी त्याने ऐकलं नाही. पहिल्या तिन्ही गाड्यांनी एकमेकींच्या एका सेकंदाच्या आत शर्यत संपवली. त्या शेवटच्या फेऱ्यांत मागून येणाऱ्याला जागा द्यायची नाही आणि पुढच्यावर झेपही घ्यायची नाही, दोन्ही एकाच वेळी. तो दुसरा आला आणि ३८५ विरुद्ध ३८० ने विश्वविजेता झाला. १९८८ मध्ये सुझुकाला ज्या जागेने काहीच दिलं नव्हतं, त्याच जागेने इथे विजेतेपद दिलं. पाच दिवसांनी त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याचं आश्चर्य वाटण्यापेक्षा ते समजण्यासारखं होतं, असं मला वाटतं. एकही दिवस सोडायची मुभा नसलेला हंगाम माणसाकडून काय मागतो, ते त्याने कृतीतून सांगितलं.

त्यानंतर हंगाम आणखी लांबला. १९८० च्या दशकात १४ ते १६ शर्यती असत, २०२४ मध्ये २४ झाल्या, २ मार्च ते ८ डिसेंबर. २०१८ मध्ये पहिल्यांदा सलग तीन रविवारी शर्यती ठेवल्या गेल्या. २०२३ पासून वर्षात सहा वेळा शनिवारी सुमारे शंभर किलोमीटरची स्प्रिंट शर्यतही असते आणि तिथे पहिल्या आठांना गुण आहेत. इंजिनं मोजून मिळतात, ठरलेल्यापेक्षा जास्त वापरलं की ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, मागे जायचं. म्हणजे यंत्राचा बिघाड पूर्वी माफ व्हायचा, आता त्याची शिक्षा पुढच्या शर्यतीत भोगायची. चालकाच्या परवान्यावर दंडाचे गुणही चढतात. २०१४ पासून बारा महिन्यांत बारा झाले की एक शर्यत बंदी, आणि अशी पहिली बंदी २०२४ मध्ये एका डॅनिश चालकाला भोगावी लागली. परवान्याचं शुल्कही गेल्या हंगामात मिळवलेल्या गुणांवर ठरतं.

शरीराचं काय होतं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारला दिसलं. एका टायरवर १८ फेऱ्यांपेक्षा जास्त जायचं नाही असं बंधन आल्यामुळे टायर जपत सावकाश जाण्याचं कारणच उरलं नाही. ५७ फेऱ्या जवळजवळ पूर्ण वेगाने, उकाड्यात. एका चालकाला हेल्मेटमध्येच उलटी झाली, एकाने तब्येत साथ देईना म्हणून शर्यत सोडली, काहींना गाडीतून उतरल्यावर नीट उभं राहता येईना. २०२५ पासून उष्णतेचा धोका जाहीर झाला की गाडीत गारवा देणारी यंत्रणा बसवावी लागते. हे फार आधी व्हायला हवं होतं.

आणि आजारपण. मार्च २०२४ मध्ये जेद्दाला स्पॅनिश चालकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्याच्या जागी १८ वर्षांचा मुलगा बसला, अकरावा सुटला आणि सातवा आला. दोन आठवड्यांनी स्पॅनिश चालक मेलबर्नला परतला आणि ती शर्यत त्याने जिंकली. पोटावरचे टाके ताजे होते, गाडीतून उतरताना तो जपून उतरत होता. वर्षअखेर त्याचे २९० गुण झाले आणि तो पाचवा आला. चौथ्याचे २९२ होते.