मिथेनचा आकडा आणि भाताचे खाचर

२०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभराहून अधिक देशांनी मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू कमी करण्याच्या जागतिक प्रतिज्ञेवर सह्या केल्या. २०३० पर्यंत २०२० च्या तुलनेत ३० टक्के कपात, असे उद्दिष्ट होते. भारत त्यात नव्हता. आपल्याकडचा मिथेन मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या भातशेतीतून आणि गुराढोरांतून येतो, हे दिल्लीचे जुने म्हणणे. ते हेकटपणाचे वाटू शकते, पण त्याच्या मागे तीस वर्षांपूर्वीचा एक वाद आहे आणि त्या वादात एका वातावरणशास्त्रज्ञाने केलेली मोजणी आहे.

१९९० च्या सुमारास हवामानबदलाचा जागतिक करार करायच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा कोणता देश किती वायू सोडतो याची यादी लागणार हे उघड होते. कार्बन डायऑक्साइडचे सोपे होते. किती कोळसा, किती तेल जाळले हे कळले की गणित सुटते. मिथेनचे तसे नाही. तो दलदलीतून, उकिरड्यातून, गाईम्हशींच्या पोटातून, कोळशाच्या खाणीतून आणि भातखाचरातून निघतो आणि याची पावती कुठेच फाटत नाही. मग करायचे काय, तर एका चौरस मीटर खाचरातून हंगामभरात किती मिथेन निघतो तो आकडा घ्यायचा आणि त्याला देशाच्या एकूण भातक्षेत्राने गुणायचे. पहिल्या आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. सगळे राजकारण या गुणांकात दडलेले असते.

तोवर भातशेतातले प्रत्यक्ष मोजमाप झाले होते ते प्रामुख्याने कॅलिफोर्निया, स्पेन आणि इटलीत. सिसेरोन आणि शेटर या संशोधकांनी १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या प्रयोगातून दाखवले की मिथेन चिखलातून बुडबुड्यांनी वर येतो त्यापेक्षा कितीतरी जास्त भाताच्या रोपातूनच बाहेर पडतो. रोपाच्या आतल्या पोकळ्या मुळांना हवा पुरवण्यासाठी असतात, त्याच वाटेने खालचा वायू वर येतो. मोजणी चोख होती. पण ती शेते युरोप-अमेरिकेतली, हंगामभर पाण्याखाली ठेवलेली. तिथले गुणांक आशियाला लावले गेले. आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीच्या १९९० च्या पहिल्या अहवालात जगभरच्या भातशेतीचा मिथेन वर्षाला ११ कोटी टन धरला होता, आणि शक्यतेची कक्षा होती अडीच ते १७ कोटी टन. इतकी रुंद कक्षा म्हणजे ‘आम्हाला नक्की ठाऊक नाही’ याची शास्त्रीय कबुलीच. मात्र वाटाघाटींच्या टेबलावर कक्षा जात नाही, मधला आकडा जातो.

भारताच्या वाट्याला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजातून आले वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन. आपले भातक्षेत्र सुमारे ४ कोटी २० लाख हेक्टर. भागाकार करून पाहावा : चौरस मीटरला ९० ग्रॅम! नंतर भारतात मोजले गेले तेव्हा कायम तुंबलेल्या खाचरातही हा आकडा २० ग्रॅमच्या आतच राहिला. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने त्याच सुमारास हरितगृह वायू सोडणाऱ्या देशांची जी क्रमवारी लावली, तीत भारत पाचवा होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या मांडणीला पर्यावरणीय वसाहतवाद म्हटले. पोटासाठी पिकवलेल्या भाताचे उत्सर्जन आणि चैनीसाठी पळवलेल्या मोटारीचे उत्सर्जन एका मापाने मोजता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा नैतिक होता आणि तो गाजलाही. पण नैतिक मुद्द्याने गुणांक बदलत नाही. त्यासाठी कुणीतरी चिखलात उतरणे भाग होते.

ते काम उभे केले आशेष प्रसाद मित्र यांनी. १९२७ साली कोलकात्यात जन्मलेले मित्र मूळचे आयनांबराचे, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वरच्या थरांचे अभ्यासक. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ते संचालक होते, पुढे सीएसआयआर या देशातल्या सरकारी प्रयोगशाळांच्या परिषदेचे महासंचालक झाले. ऐंशी किलोमीटर वरची हवा अभ्यासणारा माणूस साठीत गुडघाभर चिखलाकडे वळला, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वात आवडते. शिवाय भौतिकी प्रयोगशाळा ही देशाची मापांची प्रमाणे सांभाळणारी संस्था. निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रांनी एकच भाषा बोलावी, यासाठी हे घर योग्यच होते.

१९९१ च्या हंगामात देशातल्या वेगवेगळ्या भातपट्ट्यांत मिथेन मोहीम निघाली. पद्धत दिसायला साधी. पारदर्शक पेटी रोपांवर पालथी घालायची, कडा पाण्यात बुडवून हवाबंद करायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे हवेतले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायची. मिथेन किती वेगाने वाढतो त्यावरून उत्सर्जन काढायचे. अडचण अशी की एका पेटीखाली येतात मोजकी रोपे. सकाळी एक आकडा, दुपारी चिखल तापल्यावर दुसरा. लावणीनंतर एक, पोटरीत आल्यावर वेगळा. म्हणून एकच जागा हंगामभर पुन्हा पुन्हा मोजावी लागते आणि अशा जागा भरपूर लागतात.

निकाल आला सुमारे ४० लाख टनांचा. आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ एक नवमांश.

एवढा फरक का? मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव प्राणवायू असेल तिथे काम करत नाहीत. खाचर आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिले तरच चिखलातला प्राणवायू संपतो आणि त्यांची सुगी सुरू होते. मधे पाणी आटले, जमिनीला भेगा पडल्या की तो कारखाना थांबतो. आपल्याकडची मोठी भातशेती पावसावर आहे. कोकणातल्या शेतकऱ्याला सांगायला नको की श्रावणात दहा दिवसांची उघडीप पडली की खाचर कसे कोरडे पडते. शिवाय वरकस जमिनीवर पाणी साठतच नाही. आपल्या बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कर्बही कमी, म्हणजे जंतूंना खाद्यच तुटपुंजे. याचे श्रेय कुणी घ्यावे असे नाही. पाण्याची टंचाई आणि जमिनीची झीज या दोन दुखण्यांमुळे आपला आकडा लहान आला.

१९९२ च्या पुरवणी अहवालात जागतिक भातशेतीचा अंदाज ११ वरून ६ कोटी टनांवर आला. आज तो ३ कोटींच्या आसपास धरतात. भारताने २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या पहिल्या अधिकृत हिशेबात, १९९४ या वर्षासाठी, भाताचा मिथेन ४० लाख ९० हजार टन दाखवला होता. गुरांच्या रवंथाचा त्याच्या दुपटीहून जास्त, जवळपास ९० लाख टन. वाद भाताचा झाला, मोठा वाटा गोठ्याचा निघाला.

पण देशाने स्वतःच मोजलेल्या स्वतःच्या हिशेबावर बाहेरच्यांनी विश्वास का ठेवावा? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर खाली जमिनीवर मिळत नाही, वर हवेत मिळते. गोव्यात काणकोण तालुक्यातल्या काबो द रामा इथे १९९३ पासून समुद्रावरून येणारी हवा कुप्यांत भरून तपासणीसाठी ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत पाठवली जात होती. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्यात सहभागी होत्या. गंमत अशी की भाताचा मिथेन ऐन पावसाळ्यात निघतो आणि त्याच वेळी काबो द रामाला नैऋत्येचा वारा दक्षिण गोलार्धातली स्वच्छ हवा आणून सोडतो. तिथला मिथेन पावसाळ्यात उतरतो, हिवाळ्यात जमिनीवरून वारे आले की चढतो. एका केंद्रावरून देश कळत नाही. पुढे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सिंहगडावर हरितगृह वायूंची मोजणी सुरू केली, २००९ मध्ये हरितगृह वायू मोजणारा जपानचा गोसॅट उपग्रह गेला, आणि जमीन, विमान व उपग्रह अशा तिन्ही निरीक्षणांना वाऱ्यांच्या प्रारूपाशी जोडून मागे उगमापर्यंत जाता येऊ लागले.

ब्रिस्टल विद्यापीठाच्या अनिता गणेशन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याच मार्गाने भारताचा एकूण मिथेन काढला : २०१० ते २०१५ या काळात वर्षाला सरासरी २ कोटी २० लाख टन, आणि त्यात ठळक वाढ नाही. भारताने कागदावर दिलेल्या आकड्याशी तो जुळला. जून ते सप्टेंबरमधला भाताचा चढही त्यात दिसला. सगळ्याच देशांचे हिशेब असे जुळत नाहीत.

गुणांकाची भांडणे मात्र आता कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे वाचवलेल्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रे विकण्याच्या, बाजारात गेली आहेत. खाचर अधूनमधून सुकवा, वाचलेल्या मिथेनचे पैसे घ्या, अशा योजना आशियाभर निघाल्या. किती वाचला हे पुष्कळदा पेटी लावून मोजत नाहीत, तयार गुणांकावरून धरतात. २०२४ मध्ये व्हेरा या क्रेडिटची नोंदणी करणाऱ्या संस्थेने पडताळणीतल्या त्रुटींवरून चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प नाकारले.