घाम न येणाऱ्या अंगाचा व्यायाम

सोलापूरचा एप्रिल. सकाळचे दहाच वाजलेत, पण बागेतल्या ओपन जिमची लोखंडी सीट तव्यासारखी तापलीय. चटका बसला की आपण टुणकन उठतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला तो कळतच नाही; कळतो घरी गेल्यावर, फोड दिसला की.

दिव्यांगांसाठी व्यायामाची सोय म्हटलं की आपली चर्चा रॅम्पपाशी येऊन थांबते. रॅम्प हवाच, तोही एक फूट चढायला बारा फूट लांबीचा; मोटारसायकल चढवायला सिमेंट थापून केलेला उतार नव्हे. पण आपल्याकडे खरी गाठ उन्हाशी आहे.

घाम सोडायचा निरोप मेंदूकडून मज्जारज्जूवाटे खाली जातो. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झाली, तर बऱ्याचशा अंगाला तो पोचत नाही. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ती वाट बंद, आणि राबणारे स्नायू मात्र उष्णता तयार करतच राहतात. नुसता पंखा लावून भागत नाही. बेचाळीस अंशांची हवा कोरड्या अंगावर आली तर उलट तापवते! आधी अंग ओलं करायचं, मग पंखा. फवारणीची बाटली चालते, भिजवलेला टॉवेल चालतो. सोलापुरात टॉवेलला काय तोटा?

अशा इजेत हृदयाची गती वाढवणारे निरोपही अडतात. जीव तोडून मेहनत केली तरी नाडी बहुधा १२०-१३०च्या पुढे जात नाही. त्यामुळे नाडी जास्तीत जास्त किती जाईल हे सांगणारं ‘२२० वजा वय’ हे जिममधलं लाडकं सूत्र इथे फसतं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की पुरे.

आता जी गोष्ट बांधणाऱ्याला शेवटी आठवते ती: संडास. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर तुंबलेल्या लघवीनेही रक्तदाब एकाएकी धोकादायक चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. अशा वेळी लोक चटकन आडवं झोपवतात, तेच चुकतं. बसतं ठेवायचं, पट्टे सैल करायचे, लघवीची नळी दुमडलीय का बघायचं आणि उतार पडत नसेल तर थेट दवाखाना गाठायचा. व्हीलचेअर आत वळेल एवढा संडास मी तरी ट्रेडमिलच्या आधी बांधून घेईन.