बारा व्होल्ट दिसतात, तरी हॉर्न गप्प

हॉर्न वाजेनासा झाला की बहुतेक जण हॉर्नच बदलायला निघतात. नवा हॉर्न बसतो, बटण दाबलं जातं आणि पुन्हा शांतता. मग नव्या हॉर्नवरही खराब निघाल्याचा शिक्का बसतो. पण आवाज जिथून येतो तिथेच बिघाड असेल असं नाही. वीज बॅटरीतून निघून फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वायर आणि पाच-सहा जोडांमधून हॉर्नपर्यंत येते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परत जाते. या वाटेत कुठेही गंज चढला तरी हॉर्नचा आवाज बसतो. आणि अशा बिघाडाची एक खोड असते: मल्टीमीटर (व्होल्टेज, रोध वगैरे मोजायचं यंत्र) लावला की सगळं ठीक दिसतं.

ही खोड कळायला आधी हॉर्नच्या पोटात डोकावू या. आत पोलादाचा एक पातळ पडदा असतो, कडेने घट्ट आवळलेला. त्याच्या मधोमध लोखंडाचा छोटा ठोकळा बसवलेला असतो आणि ठोकळ्यासमोर तांब्याच्या तारेची कॉइल. कॉइलमधून वीज गेली की तिचं चुंबक होतं, ठोकळा खेचला जातो आणि पडदा आत वाकतो. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबल्यासारखा ‘टक्’ असा एक आवाज होतो. एवढंच झालं असतं तर हॉर्न एकदा टकटकून थांबला असता. पण आत येणारा ठोकळा वाटेत एका पत्तीला ढकलतो, आणि कॉइलची वीज ज्या पॉइंटांमधून, म्हणजे एकमेकांना टेकलेल्या धातूच्या टोकांमधून, येते नेमके तेच पॉइंट त्या पत्तीमुळे उघडतात. म्हणजे हॉर्न स्वतःच स्वतःची वीज तोडतो. चुंबकत्व ओसरतं, पडदा आपल्या ताणाने मागे उसळतो, पॉइंट मिटतात, वीज पुन्हा सुरू. हे सगळं सेकंदाला साधारण चारशे वेळा. दारावरच्या जुन्या विजेच्या घंटीतही हेच तत्त्व असतं; तिथे हातोडी घंटेवर आपटते, इथे पडदाच हवेला धक्के देतो.

पडदा हलवण्याचा हा एकच मार्ग नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या मिलर रीझ हचिसनने जो ‘क्लॅक्सन’ बनवला, त्यात विजेची मोटर एक दातेरी चाक फिरवायची आणि चाकाचे दाते पडद्यावरच्या खिट्टीला घासत जायचे. जुन्या चित्रपटांतल्या मोटारी ‘आऽऊगा’ करत येतात तो आवाज याच जातीचा. गमतीचा भाग असा की, त्याआधी याच हचिसनने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र तयार केलं होतं.

आजच्या चपट्या, ताटलीसारख्या हॉर्नमध्ये पडद्याला जोडून आणखी एक चकती असते. पडद्याचे ठोके बसले की ती दोन हजार हर्ट्झच्या वर, म्हणजे सेकंदाला दोन हजारांहून जास्त वेळा, झणझणते. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो. गर्दीच्या घरघरीतून हॉर्न वेगळा उठतो तो त्यामुळेच. शिंपल्यासारख्या हॉर्नमध्ये चकतीऐवजी गुंडाळलेली पोकळ नळी असते आणि आवाज जरा भरदार निघतो. बऱ्याच मोटारींत दोन हॉर्न जोडीने लावतात, एक चारशे हर्ट्झच्या आसपास, दुसरा पाचशेच्या. जोडीतला एक बंद पडला तर आवाज पातळ होतो, पण बटणाला प्रतिसाद मिळत असल्यामुळे कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला २८ क्रमांकाचा नियम सांगतो की गाडीसमोर ७ मीटरवर मोटारीचा हॉर्न ठरलेल्या किमान पातळीएवढा ऐकू यायला हवा आणि ११२ डेसिबलच्या वर जाता कामा नये. एकट्या उरलेल्या, तोही मरगळलेल्या हॉर्नला ही खालची मर्यादा गाठणं अवघड जाऊ शकतं.

आता पॉइंटांकडे पाहू. कॉइलमधली वीज एकाएकी तोडली की कॉइल विरोध करते आणि क्षणभर मोठं व्होल्टेज उभं करते. उघडणाऱ्या पॉइंटांमध्ये त्याची ठिणगी पडते. ती सौम्य व्हावी म्हणून बऱ्याच हॉर्नमध्ये एक रोधक किंवा कपॅसिटर बसवलेला असतो, पण ठिणगी पूर्ण थांबत नाही. सेकंदाला चारशे धरले तर एकूण मिनिटभर हॉर्न वाजवताना पॉइंट चोवीस हजार वेळा उघडतात. एवढा मारा सोसायचा म्हणून ते टंगस्टनसारख्या चिवट धातूचे करतात, तरी वर्षांनुवर्षांत ते काळे पडतात, झिजतात. उलटही होतं: महिनोन् महिने न वाजवलेल्या गाडीत पॉइंटांवर दमट हवेने ऑक्साइडचा थर चढतो आणि वीज आत शिरतच नाही. हॉर्नला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर तो वाजू लागला, तर पॉइंटच खराब आहेत असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. धक्क्याने थर फुटून धातूला धातू भिडलेला असतो. हा उपाय मात्र चार दिवसांचा.

हॉर्नबाहेरची वाट तपासताना कानाचा उपयोग हत्यारापेक्षा जास्त होतो. एक साधारण हॉर्न तीन ते पाच अँपिअर करंट घेतो, जोडी असेल तर दुप्पट. स्टिअरिंगवरच्या नाजूक बटणातून एवढा करंट नेणं बरं नव्हे, म्हणून मोटारींत मध्ये रिले ठेवतात. बटणातून जातो तो रिलेच्या छोट्या कॉइलचा, एका अँपिअरचा लहानसा अंश. हॉर्नचा जाड करंट रिलेच्या पॉइंटांमधून जातो. बटण दाबल्यावर फ्यूजच्या डब्यातून ‘टक्’ ऐकू आलं, तर बटण आणि त्याच्याकडची वायर शाबूत आहे. शोध रिलेपासून हॉर्नपर्यंत घ्यायचा. टक् आलाच नाही, तर फ्यूज, रिले आणि स्टिअरिंग या तिघांवर संशय. फ्यूज काढून नुसता पाहू नये, मोजावा. तार अखंड दिसणाऱ्या फ्यूजचे पायही गंजलेले असतात. रिले तपासायला त्याच डब्यातला त्याच क्रमांकाचा दुसरा रिले काढून इथे बसवला की दोन मिनिटांत उत्तर मिळतं. रिलेच्या खाचेत ३० आणि ८७ या क्रमांकांच्या पिना फ्यूज लावलेल्या वायरने क्षणभर जोडल्या आणि हॉर्न दणक्यात वाजला, तर खाचेपासून हॉर्नपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. दुचाकीत बहुधा रिले नसतोच. सगळा करंट हॅंडलवरच्या बटणातूनच जातो आणि पावसापाण्याने त्याच्या पत्त्या काळ्या पडतात. तिथे बटण उघडून पत्त्या साफ करणं हीच बऱ्याचदा निम्मी दुरुस्ती.

समजा रिले टक् करतोय, हॉर्न मात्र बसका वाजतोय किंवा गप्प आहे. हॉर्नची पिन काढली, मल्टीमीटर लावला, कोणाला तरी बटण दाबायला सांगितलं. मीटर म्हणतो बारा व्होल्ट. निष्कर्ष निघतो, ‘वीज येतेय, हॉर्न गेला’. माझ्या मते हॉर्नच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त फसवणूक होते ती याच जागी.

हिशेब सोपा आहे. चार अँपिअर घेणारा हॉर्न म्हणजे ढोबळमानाने तीन ओमचा रोध. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जोडात एक ओम रोध शिरला, तर एकूण चार ओम झाले, करंट तीन अँपिअरवर आला आणि हॉर्नच्या वाट्याला बारातले नऊच व्होल्ट उरले. उरलेले तीन व्होल्ट त्या जोडात खर्च होतात, म्हणजे तिथे नऊ वॉट उष्णता. जोडाला हात लावला तर तो कोमट लागेल. आता हॉर्न काढून मीटर लावा. चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओम असतो. त्यातून वाहणारा करंट मायक्रोअँपिअरमध्ये, आणि एवढ्याशा करंटला तो एक ओम जाणवतही नाही. त्याच्यावर व्होल्टचा दहालाखावा भाग पडतो आणि मीटर बिनधास्त बारा दाखवतो. मीटर खोटं बोलत नसतो, आपला प्रश्नच चुकलेला असतो. वीज वाहत नसताना विचारलेलं व्होल्टेज वाटेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

म्हणून जुने ऑटो इलेक्ट्रिशियन मीटरऐवजी बल्ब लावतात. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे रस्त्याला थोडंतरी ओझं पडतं. रस्ता चांगला असेल तर बल्ब लख्ख पेटतो, जोड कुजलेला असेल तर पिवळट. मीटरच वापरायचा असेल तर हॉर्न जोडलेला ठेवून, बटण दाबलेलं असताना मोजायचं. काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल सुई हॉर्नच्या अर्थच्या, म्हणजे वीज परत जाते त्या टोकाला लावावी. शून्याच्या आसपास आकडा आला तर अर्थ ठीक. एक-दीड व्होल्ट आला तर तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेवर सांडताहेत. तसंच बॅटरीचं धन टोक आणि हॉर्नची येणारी पिन यांच्यामध्ये मोजावं. हॉर्न वीज सतत तोडत असल्याने आकडा जरा थरथरतो, पण चांगल्या आणि वाईट जोडातला फरक लपत नाही. हे करताना कान हॉर्नपासून दूर हवेत. शंभरावर डेसिबल अगदी जवळून घेणं ही गंमत नाही.

परतीची वाट बिघडते जास्त आणि पाहिली जाते कमी. एकाच पिनेच्या हॉर्नला वेगळी अर्थ वायर नसते, त्याची पट्टी गाडीच्या बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तीच अर्थ. तिथे रंगाचा थर आला, गंज आला, की संपलं. दोन धातू वरवर कितीही सपाट दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते उंचवट्यांचे असतात आणि मोजक्या उंचवट्यांच्या टोकांवरच एकमेकांना टेकतात. सगळी वीज तेवढ्याच ठिपक्यांमधून जाते. गंज शिरतो तो याच ठिपक्यांत. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासायचा, बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीसचा हात फिरवायचा, म्हणजे पाणी परत शिरत नाही. वायरचं टोक हिरवं झालं असेल तर नुसती पिन बदलून भागत नाही. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी आवरणाच्या आत दूरवर चढलेलं असतं. आवरण मागे सोलत जायचं आणि तांबं लालसर, लखलखीत दिसेल तिथे नवी पिन लावायची.

पट्टीचा आणखी एक संबंध आवाजाशी आहे. ती मुद्दाम लवचीक, पत्त्यांची केलेली असते, कारण पडदा हलताना हॉर्नचं सगळं अंग हलतं आणि त्याला तशी मोकळीक लागते. हॉर्न बंपरला किंवा एखाद्या पाइपला टेकला की वीज पुरेशी असूनही आवाज घोगरा होतो. तोंड खाली किंवा खाली-पुढे असावं, वर नको, नाहीतर पाणी आत साचतं.

वीज दोन्ही बाजूंनी चोख आहे, तरी हॉर्न कुरकुरतो किंवा नुसता एकदा टक् करतो, तेव्हाच हॉर्नच्या पाठीवरच्या स्क्रूला हात लावावा. पॉइंट कधी उघडायचे ते हा स्क्रू ठरवतो. फार लवकर उघडले तर पडदा पुरता वाकण्याआधीच वीज तुटते आणि आवाज किरटा येतो. उघडलेच नाहीत तर पडदा आत ओढलेलाच राहतो, वीज तुटत नाही. कॉइलचा स्वतःचा रोध फार कमी असतो, वाजताना करंट आटोक्यात राहतो तो सततच्या तुटण्यामुळेच. त्यामुळे असा अडकलेला हॉर्न तापतो आणि फ्यूज उडवतो. स्क्रू एकावेळी एक अष्टमांश फेरा फिरवायचा, बटण क्षणभर दाबून ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. मधोमध मोठा नट असेल तर तो सोडून द्यावा. तो पडदा आणि ठोकळा जागेवर धरून ठेवतो, एकदा हलला की घरी परत जुळत नाही. पडदाच गंजून भोक पडलेला असेल तर स्क्रूशी खेळण्यात अर्थ नाही, नवा हॉर्न आणावा.

स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावर हॉर्न वाजतो आणि सरळ केल्यावर बंद होतो, असं झालं तर स्टिअरिंगच्या आतला जोड गेला. एअरबॅग असलेल्या गाडीत हा जोड म्हणजे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल असते. हॉर्नबरोबर एअरबॅगचा दिवा पेटला किंवा स्टिअरिंगवरची इतर बटणंही मेली तर संशय पक्का. हे घरी उघडायचं काम नाही. एअरबॅग फुटवायला अगदी छोटा विद्युत झटका पुरतो आणि समोर आपला चेहरा असतो.

फ्यूज उडत राहिला तर हॉर्नची पिन काढून नवा फ्यूज घालावा आणि बटण दाबावं. टिकला तर दोष हॉर्नमध्ये, पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय. जास्त अँपिअरचा फ्यूज घालणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळण्याची सोय करणं.

आणि उलटा बिघाड, हॉर्न थांबतच नाही तो. तेव्हा आधी हॉर्नचा फ्यूज किंवा रिले उपटून काढावा, मग विचार करावा. रिले काढून बोटाने हलवला आणि आत काही सैल खुळखुळलं किंवा करपल्याचा वास आला, तर तो बाद. रिले ठीक असेल तर बटण आतून दाबलेलं राहिलंय किंवा त्याची वायर बॉडीला टेकलीय. मूळच्या जागी जास्त करंटचे दांडगे हॉर्न लावलेल्या गाड्यांत रिलेचे पॉइंट ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटतात. टिचकी मारली की ते सुटतात, पण तो रिले बदलायचाच, कारण सुटताना धातू उखडून जागा खडबडीत होते आणि पुढच्या खेपेला पॉइंट तिथेच लवकर चिकटतात.